तिसरी पायरी वाजली की

सोलापुरात नवी पेठेत कापडाचं दुकान असलेल्या माणसाला उजेडाबद्दल मत असतंच. माझं जरा जास्तच होतं. गिऱ्हाईक साडी घेऊन दुकानाच्या पायरीपर्यंत जातं, पदर उन्हात धरतं आणि म्हणतं, "आत वेगळा दिसत होता हो रंग." त्या एका वाक्यानं जमलेला सौदा मोडतो. म्हणून दुकानात एक कोपराही काळा ठेवायचा नाही, हे मी तीस वर्षं पाळलं. चूक एवढीच की घरही मी दुकानासारखंच लावलं.

घर दोन बोळ पलीकडे, वरच्या मजल्यावर. माजघरात समोरासमोर दोन ट्यूबलाइट, स्वयंपाकघरात ओट्यावर एक, देवघरात बल्ब. वर जायला जुना लाकडी जिना. त्याची तिसरी पायरी पाय पडला की करकरते. सुताराला सांगायचं राहून गेलं ते गेलंच.

एवढ्या उजेडाला कारण होतं, पण ते मी सबब म्हणून सांगत नाही. लहानपणी आम्ही चाळीत एका खोलीत राहायचो. भाड्यात एकच बल्ब, १५ वॉटचा, आणि रात्री दहाला मालक मेन स्विच ओढायचा. भाकरीवर चटणी आहे की नाही हे बोटांना कळायचं. रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करून मोठा झालो असं सांगायची सोय नाही, कारण मी अभ्यास केलाच नाही. पण माझ्या घरात कुणी चाचपडणार नाही, हे तेव्हाच ठरवलं होतं. मंद दिवा म्हणजे एकतर गरिबी, नाहीतर परमिट रूम. तिसरा अर्थ मला माहीत नव्हता.

हिला अर्धशिशीचा त्रास आहे. लग्न झाल्यापासून आहे. महिन्यातून चार-पाच वेळा डोक्याला पदर आवळून बसायची. संध्याकाळी मी अधूनमधून लवकर घरी आलो की ही अंधारात बसलेली असायची आणि मी आल्याआल्या खटाखट सगळी बटणं खाली पाडायचो. "दिवेलागणीला अंधारात काय बसतेस? लक्ष्मी यायची वेळ." ती उठून आत जायची. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला चल म्हटलं तर नको म्हणायची. तिथली पाळणे-दुकानांची रोषणाई सहन होत नाही म्हणायची. मी नातेवाइकांत सांगायचो, "तिला माणसांत यायला आवडत नाही." आणि तिच्या कपाळावरची ती आठी! माझ्याशी बोलताना भुवयांमध्ये कायम एक उभी रेघ. स्वभावच तिरसट आहे, अशी मी समजूत करून घेतली आणि त्या समजुतीवर तेहतीस वर्षं संसार केला.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला लेक पुण्याहून आली ती दोन डबे घेऊन. आत स्मार्ट डिमर. भिंतीवरच्या बटणावरून दिवा कमी-जास्त करता येतो, फोनवरूनही येतो. मी म्हणालो, "उठून बटण दाबायचा कंटाळा आला, म्हणून आता बटणालाच अक्कल द्यायची काय?" हे वाक्य मला इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी दुकानात तिघांना ऐकवलं. तिघंही हसले. डबे महिनाभर कपाटावर पडून राहिले. हिनं एकदाच विचारलं, "ते लावायचं होतं ना?" मी म्हणालो, "बघू."

शेवटी लेकीनंच फोन करून वायरमनला पाठवलं. ते शहराच्या पूर्व भागातले, घरी तेलुगू, माझ्याशी सोलापुरी मराठी. त्यांनी बोर्ड उघडला, टेस्टर लावला आणि मान हलवली. "मालक, बोर्डात न्यूट्रल नाही." जुन्या घरांत दिव्याच्या बोर्डात फेज येते, बटणातून दिव्याकडं जाते, संपलं, न्यूट्रल परस्पर दिव्याला जातो. साध्या बटणाला त्याची गरज नसते. पण स्मार्ट बटण दिवा बंद असतानाही जागं असतं, त्याला स्वतःला थोडी वीज लागते. न्यूट्रलशिवाय चालणारी बटणंही मिळतात, ती ही थोडी वीज बल्बमधूनच ओढतात. पण एलईडीला तेवढीही पुरते, मग बंद केलेला बल्ब रात्रभर भुतासारखा मिणमिणतो. वायरमननं प्लगच्या बोर्डातून केसिंगपट्टीतून नवी काळी वायर ओढून आणली. मग म्हणाले, "ट्यूबा काढाव्या लागतील. चोकच्या पट्टीला हे चालत नाही. बल्ब आणा, पण खोक्यावर डिमेबल लिहिलेलं बघून आणा."

मी साधे आणले. चार बल्बांत वाचले किती, तर दोन माणसांचं जेवण व्हावं इतके.

डिमर करतो काय, तर वीज कापतो. घरातली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते, म्हणजे १०० वेळा शून्यावरून जाते. डिमर प्रत्येक अर्ध्या हेलकाव्याचा तुकडा छाटतो. जितका मोठा तुकडा छाटला तितका दिवा मंद. पंख्याचा जुना डबडा रेग्युलेटर वीज तापवून वाया घालवायचा, हा तसं करत नाही. पण साध्या एलईडीच्या पोटात त्याचं स्वतःचं सर्किट असतं, त्याला ही तुकड्यांची वीज पचत नाही, तो फडफडतो. त्या ५० हेलकाव्यांवरून मी वायरमनला ऐकवलं की ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्हीची लाइन सुरू झाली, दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाला जोडलं गेलं आणि तेव्हापासून सगळा देश एकाच ठोक्यावर चालतो, तेही आपल्या सोलापुरामुळं. मला असलं सगळं ठाऊक असतं.

पुढची संध्याकाळ वायफायमध्ये गेली. बटणाला २.४ गिगाहर्ट्झचंच नेटवर्क लागतं, माझा फोन ५ वर अडकलेला. लेक व्हिडिओवरून "बाबा, मागं जा, मागं जा" करत होती. एकदाचं जुळलं. वीज जाऊन आली की दिवा एकदम १०० वर न जाता आधी होता तिथंच यावा, अशी एक सेटिंग असते. ती चालू करा, असं लेकीनं बजावलं होतं. मी केली नाही. विसरलो नव्हतो.

बल्ब फडफडत होते. तीसच्या खाली आणले की बारीक गुणगुणायचे आणि मधेच विझायचे. त्या आठवड्यात हिला दोनदा डोकं उठलं, एकदा उलट्या झाल्या. मी लेकीला फोन करून म्हणालो, "बघितलंस? तुझ्या त्या डिमरनं आईचं दुखणं वाढवलं." माझ्या आवाजात काळजी नव्हती, जिंकल्याचा आनंद होता. ते मला तेव्हाही कळत होतं. लेकीनं काही न बोलता कुरिअरनं बल्ब पाठवले. वायरमननं ते लावले, दिवा विझणार नाही अशी खालची मर्यादा बटणात बसवून दिली आणि जाताना जुने चार बल्ब माझ्या हातात ठेवले. तेही काही बोलले नाहीत.

आता मुख्य गोष्ट.

साधारण दोन महिन्यांनी विजेचं बिल आलं. ट्यूबा गेल्या तरी मला हवं तितकं उतरलं नव्हतं. ॲपमध्ये नोंद राहते हे लेकीनं सांगितलेलं लक्षात होतं. दिवा कधी लागला, किती टक्क्यांवर होता, मिनिटासकट. माझ्या मागं ही दिवसभर दिवे जाळते की काय ते बघावं, म्हणून मी गल्ल्यावर बसून फोन उघडला. बायकोची चोरी पकडायला बसलो होतो, दुसरं काही नाही.

माजघराची नोंद अशी होती. सकाळी १०:२२, १५ टक्के. दुपारी १:३४, १०० टक्के. ४:०३, १५ टक्के. रात्री ९:०९, १०० टक्के. आदल्या दिवशी १०:१९, १:३१, ४:०५, ९:१२. त्याच्या आदल्या दिवशी तेच. बोट वर सरकवत गेलो, आठवडेच्या आठवडे तेच.

सव्वादहाला मी दुकानात जातो. दीडला जेवायला येतो, चारला परत निघतो, नऊनंतर घरी. पहिल्यांदा वाटलं, लेकीनं काही वेळापत्रक लावून ठेवलंय. पण वेळापत्रक मिनिटाला पक्कं असतं, हे रोज दोन-चार मिनिटं मागंपुढं होतं. माझ्यासारखं. रविवारी दुकान अर्धा दिवस, तर रविवारी दिवाही अर्धा दिवस. एका गुरुवारी मी लग्नाला गेलो होतो, रात्री अकराच्या सुमारास परतलो. त्या दिवशी नोंद होती १०:५६, १०० टक्के.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एक गोष्ट केली, ती लिहितानाही लाज वाटते. चपला खाली काढल्या, भिंतीच्या कडेनं जिना चढलो आणि तिसरी पायरी ओलांडून पाय चौथीवर टाकला. स्वतःच्या घरात चोरासारखा. दार लोटलेलं होतं, चार बोटं फट.

आमच्या माजघराला खिडकी नाही, दिवसाही दिवा लागतो. आत दिवा अगदी उतरवलेला, कोवळा. ही पाट टाकून शेंगा फोडत होती. परातीत टरफलं, मांडीवर दाणे. आणि ती गुणगुणत होती. गाणं कुठलं ते कळलं नाही, नुसता सूर. लग्नानंतरची पहिली दोन-तीन वर्षं ती गुणगुणायची हे मला तिथं उभा असताना आठवलं. नंतर कधी थांबली ते आठवेना. तिनं मान वर केली, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, तेव्हा तोंड दिसलं. कपाळावर ती रेघ नव्हती. कपाळ मोकळं होतं.

मी खाली उतरलो. चपला घातल्या. पुन्हा चढलो, या वेळी तिसऱ्या पायरीवर मुद्दाम जोरात पाय दिला. पायरी करकरली. फटीतून दिसलं, ती परात बाजूला सारून उठली, बोर्डाशी गेली आणि खोली पांढरीफटक झाली. मी दार ढकललं. कपाळावर रेघ आलेली होती. म्हणाली, "आलात? हात धुवा."

मी जेवलो. काय जेवलो ते सांगता येणार नाही.

त्या रात्री झोप लागली नाही, फोनवर वाचत पडलो. बोस्टनच्या संशोधकांनी २०१० साली अर्धशिशी असलेल्या अंध माणसांवर अभ्यास केला होता. ज्यांना काहीच दिसत नाही पण उजेड आहे की अंधार एवढं जाणवतं, त्यांचंही दुखणं उजेडानं वाढत होतं. ज्यांच्या डोळ्यांतून मेंदूकडं उजेड पोचतच नव्हता, त्यांचं वाढत नव्हतं. म्हणजे उजेड दुखतो हा नखरा नव्हे, त्याला शरीरात वाट आहे. आणखी एक सापडलं. इंग्लंडमध्ये १९८९ साली एका कचेरीत चोकच्या ट्यूबांऐवजी न लुकलुकणाऱ्या ट्यूबा लावल्या, तर डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण निम्म्याहून कमी झाला. चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, डोळ्याला दिसत नाही इतकंच. माझ्या माजघरात तसल्या दोन, समोरासमोर. मी हौसेनं लावलेल्या.

चार दिवसांनी विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं की. लग्नाच्या वर्षीच."

"मी काय म्हणालो?"

"आमच्यात अंधारात बसायची पद्धत नाही, म्हणालात." आवाजात राग नव्हता. निरोप सांगावा तसं सांगितलं. मला यातलं काहीही आठवत नाही. तिला शब्दन् शब्द आठवतो.

मग म्हणाली, "तुम्हाला चाचपडायला आवडत नाही. तुमच्या आई सांगायच्या, चाळीतलं." म्हणजे माझं कारण तिला ठाऊक होतं. तिचं मला नव्हतं.

ती सेटिंग मी त्याच रात्री चालू केली. आमच्याकडं वीज रात्रीतून तीनदा जाते-येते, आणि दर वेळी दिवा तिच्या डोळ्यांवर १०० नं उघडत होता. त्या नोंदीही ॲपमध्ये होत्या, मी बघितल्या. नंतर नोंदी बघणं बंद केलं. लेकीला सांगून माझ्या फोनवरनं ते पानच काढून टाकायला लावलं, कारण स्वतःवर तेवढा भरवसा नव्हता.

मग मी घरी असतानाही दिवा मंदच ठेवायचं ठरवलं. डोळ्याचं गणित निराळं आहे. दिवा खरा २५ टक्के असला तर डोळ्याला तो निम्म्याच्या आसपास वाटतो. हे वाचून धीर आला होता, पण पहिल्या रात्री २५ वर जेवायला बसलो आणि शेंगाचटणी समजून लोणच्याला हात घातला. ही हसली. ४० करू म्हणाली, मी ३० म्हणालो. दुकानात घासाघीस करायची सवय, पण गिऱ्हाईकानंच भाव वाढवावा तसा प्रकार. दिवेलागणीला मात्र देवघरातला बल्ब पूर्ण लागतो. तो तिनंच ठेवायला लावला.

सवय दोघांचीही लवकर मोडेना. मी खालून ओरडायचो, "राहू दे गं, राहू दे," तरी पायरी वाजली की तिचा हात बोर्डावर जायचा. वर पोचेपर्यंत खोली पांढरी. मग ती स्वतःच जीभ चावून कमी करायची. सुताराला बोलवून पायरी ठोकून घेऊ म्हटलं तर म्हणाली, "नको. मग तुम्ही आलेलं कसं कळायचं?"

परवा दिवाळीच्या गर्दीमुळं दुकान बंद करायला दहा वाजले. जिना चढलो, तिसरी पायरी नेहमीसारखी करकरली. दार उघडंच होतं. आत दिवा होता तसाच, मंद. ही मान न वळवता वाती वळत बसली होती. चपला कुठं काढायच्या ते मला क्षणभर दिसेना.