लाल फळांचे हिरवे झाड

नागपूरहून हावड्याकडे निघालेली गाडी गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग मागे टाकते आणि भिलाई येते. सोव्हिएत संघाशी १९५५ साली झालेल्या करारातून इथला पोलाद कारखाना उभा राहिला. १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या मैत्रीची खूण म्हणून १९७२ साली ‘मैत्री बाग’ तयार झाली. मुलांचे पाय आधी वळतात ते इथल्या पांढऱ्या वाघांकडे.

हिवाळ्यात भिलाईत फिरताना एखादे सदाहरित झाड लाल फळांनी लगडलेले दिसले, की नाताळच्या शुभेच्छापत्रांवरची हॉली आठवते. पण हॉली गार हवेत रमणारी. ती मुळची युरोपातली. तिची भावंडे आपल्याकडे हिमालयाच्या उतारांवर आणि नीलगिरीच्या रानांत आढळतात. भिलाईच्या रणरणत्या उन्हाळ्यात तिची अपेक्षा कशाला?

मग हे झाड कोणते? खाली पडलेल्या पानावर भागत नाही. ताज्या पानाचा देठ मोडून पाहावा. पांढरा चीक आला, तर ती हॉली नव्हे. पान रुंद व जाड, बिनदेठाची लाल फळे पानांच्या बगलेत जोडीने आणि फांद्यांवरून पारंब्या लोंबत असतील, तर तो आपला वड. पानाची कड नागमोडी आणि नारिंगी-तांबड्या गुळगुळीत फळात बहुधा एकच तपकिरी बी असेल, तर बकुळ. हॉलीला चीक नसतो, पाने एकाआड एक येतात आणि फळात लहान लहान बिया असतात. तिच्या उंच फांद्यांवरची पाने पुष्कळदा बिनकाट्याची असतात. शिवाय नर झाडाला फळ धरतच नाही. म्हणून काटा किंवा फळ यांवर विसंबू नये.

मात्र ओळख पटेपर्यंत मुलांना फळ तोंडात घालू देऊ नये. हॉलीच्या फळांनी उलट्या-जुलाब होतात. चीक आहे म्हणजे झाड निर्धोक, असेही नाही: पिवळ्या कण्हेरीलाही पांढरा चीक असतो आणि तिचे फळ जिवावर बेतते. लाल-काळी गुंज दिसायला देखणी, पण ती चावून पोटात गेली तर घातक ठरते. असे काही घडलेच, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता फळाचा नमुना घेऊन थेट रुग्णालय गाठावे.

हॉली भेटली नाही म्हणून हिरमुसण्याचे कारण नाही. पिकल्या वडावर तांबट आणि हरियाल पक्ष्यांची पंगत बसते. ती पाहायला घटकाभर थांबावे.