किरकोळ

२३ मार्च २०२५, रविवार

फेब्रुवारीत ‘किरकोळ’ ९,४०० रुपये. किराणा, दूध, वीज, बस, फी हे सगळं वेगळं मांडून झाल्यावर उरलेलं किरकोळ. नवऱ्याला वही दाखवली तर म्हणाला, “किरकोळ म्हणजे किरकोळच गं, त्यात काय बघायचं?” पगार वाढून वर्ष झालं आणि महिनाअखेरीची ओढाताण तशीच आहे, तेव्हा बघायला तर हवंच.

दुपारी लॅपटॉपवर ‘ग्नूकॅश’ हे हिशोबाचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. फुकट आहे, आणि आपला हिशोब आपल्याच यंत्रात राहतो. मोबाइलवरची दोन अ‍ॅपं वापरून सोडली आहेत. ती आपले एसएमएस वाचून खर्चाचे रंगीत वडे-वाटे करून दाखवतात, पण शंका विचारत नाहीत. हे विचारतं. पैसे कुठून आले आणि कुठे गेले, दोन्ही बाजू सांगितल्याशिवाय ते नोंद मनापासून घेतच नाही.

पाच मूळ खाती: मालमत्ता, देणी, उत्पन्न, खर्च आणि भांडवल. त्यांच्याखाली आपली पिलावळ. नावं मराठीत दिली: ‘भाजी-फळं’, ‘आहेर’, ‘औषधं’, ‘मावशींचा पगार’. सुरुवातीची शिल्लक भरायची म्हणून घरातली रोकड मोजली. पर्स, नवऱ्याचं पाकीट, देवघरातलं पाकीट, गाडीतली चिल्लर धरून ६,३४० रुपये. आईंच्या कपाटात एक स्टीलची डबी आहे. तिकडे नुसतं पाहिलं, तर आई म्हणाल्या, “ती तुझ्यात धरू नकोस.” धरली नाही.

नवऱ्याने एक आकडा मात्र आवर्जून घालायला लावला. दोन वर्षांपूर्वी भाऊजींना दुकानाच्या डिपॉझिटसाठी हातउसने दिलेले ४०,०००. मालमत्तेखाली ‘येणे’ असं खातं उघडलं आणि ते तिथे बसवले. कागदावर आम्ही एकदम ४०,०००ने श्रीमंत झालो.

२५ मार्च, मंगळवार

बँकेचा उतारा फाइल करून आत ओढला. तारखेचा साचा निवडताना महिना आधी, दिवस नंतर असा निवडला गेला. चूक माझीच. ५ मार्चचं वीजबिल ३ मे रोजी भरलं गेलं, १२ मार्चचा किराणा डिसेंबरात. १३ तारखेपासूनच्या ओळींना तर तेरावा महिना कुठून आणायचा म्हणून त्याने हातच लावला नाही. एकटी ३ मार्चची नोंद जागच्या जागी होती.

बरं, दर वेळी जतन करताना ते जुन्या फाइलची तारीख-वेळ घातलेली प्रत बाजूला ठेवतं. आधी फोल्डरभर हे कसलं पिल्लू-पिल्लू म्हणून वैतागले होते, आज त्यातल्याच एका पिल्लाने वाचवलं. मार्च हाताने भरायचं ठरवलं. ऐंशी-नव्वद ओळी आहेत, मरत नाही त्यात कुणी.

हाताने भरताना कळलं की उताऱ्यावरून आपला महिना आपल्यालाच ओळखता येत नाही. भाजीवाल्याचा क्यूआर त्याच्या बायकोच्या नावावर, रिक्षावाल्याचा मेव्हण्याच्या. ‘यूपीआय’, मग बारा आकडी नंबर, मग कुणा अनोळखी बाईचं नाव आणि १४० रुपये. कोण ही बाई? कोथिंबीर, मेथी आणि अर्धा किलो गवार असणार. तारीख, वार, रक्कम यांवरून तर्क करत बसले. ज्यांचा तर्क लागला नाही त्यांची दुसरी बाजू कोरी सोडली, तर ग्नूकॅशने स्वतःच एक खातं उघडलं: ‘इम्बॅलन्स-आयएनआर’. बेवारस पैशांचं अनाथाश्रम. रात्रीपर्यंत त्यात ७,२१५ रुपये दाखल.

माझ्या किरकोळला तरी निदान मी स्वतः नाव ठेवलेलं होतं.

२७ मार्च, गुरुवार

बाबांना सांगलीला फोन. ते हळदीच्या पेठेत एका अडतीवर छत्तीस वर्षं दिवाणजी होते. म्हटलं, बँकेच्या उताऱ्यावर पैसे आले की ‘क्रेडिट’ असतं, आणि या सॉफ्टवेअरची इंग्रजी मदत वाचावी तर बँकखात्यात पैसे आले की ‘डेबिट’ म्हणते. कोण खरं?

बाबा खुलले. “दोन्ही खरं. वही कुणाची ते बघ की. बँकेच्या वहीत तू धनको, तुझे पैसे तुझ्या नावाने जमा. तुझ्या वहीत बँक तुझं देणं लागते, म्हणून बँकेच्या नावे. घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा.” मग म्हणाले, देशी पद्धतीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे. इंग्रजीत बरोबर उलटं, डावीकडे डेबिट. “तुला शाळेत शिकवलं ते त्यांचं, मी लिहिलं ते आपलं. ताळा दोन्हीकडे जुळायलाच लागतो.”

मी पाचोलीचं सांगितलं. लुका पाचोली, इटलीतला फ्रान्सिस्कन साधू, १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या त्याच्या गणिताच्या ग्रंथात दुहेरी नोंदीचं प्रकरण आहे, आणि ही व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची रीत आहे असं तो स्वतःच सांगतो. बाबा म्हणाले, “साधूला कशाला हवा जमाखर्च?” मग थोड्या वेळाने, “म्हणूनच नीट लिहिला असेल.”

२९ मार्च, शनिवार

ताळा. उताऱ्याची शिल्लक आणि माझी शिल्लक यांत ३२६ रुपयांचा फरक. एकेका नोंदीवर खूण करत खाली आले. २३६ सापडले: डेबिट कार्डाचे वर्षाचे २०० आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी. असं काही कापलं जातं हे इतक्या वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं. उरले ९०. दोनदा वर-खाली केलं, सापडेना.

पुन्हा बाबा. “नऊने भाग जातो का?” जातो. “मग आकडे उलटसुलट लिहिलेस. शोध.”

६५०चे ५६० केले होते. औषधांच्या बिलात. दोन शेजारच्या अंकांची अदलाबदल झाली की फरक नेहमी नऊच्या पटीत येतो, हे त्यांना कुणी बीजगणिताने शिकवलं नव्हतं. कुणा थोरल्या दिवाणजींनी सांगितलेलं. फरक शून्यावर आला आणि ताळा संपवायचं बटण उजळलं, तेव्हा रात्रीचे पावणेबारा वाजले होते आणि उद्याच्या गुढीची काठी अजून गॅलरीत धूळ खात होती.

३० मार्च, पाडवा

गाठी, झेंडूची फुलं, श्रीखंड, कडुलिंब (हा फुकट, सोसायटीच्या फाटकापाशी). आज नोंदी नाहीत.

१ एप्रिल, मंगळवार

मार्च पुरा झाला. अनाथाश्रमातले बहुतेक पैसे आपापल्या घरी गेले. गेल्या महिन्यातलं ‘किरकोळ’ काय होतं याचा आता अंदाज आला आहे. दोन आहेर, सोसायटीची होळीची वर्गणी, लेकाचं कँटीन, मावशींना सणाची उचल, रिक्षा. आणि २,८७० रुपये रात्री साडेदहानंतर मागवलेलं खाणं. नवरा कामासाठी नागपूरला होता तेव्हाचं. मागवणारी मी. डोसा, फालूदा, एकदा नुसतेच मोमो.

सरळ ‘माझं रात्रीचं’ असं खातं उघडलं. लेकाने पाहिलं आणि म्हणाला, “आई, पासवर्ड लाव.”

५ एप्रिल, शनिवार

गृहकर्जाचा हप्ता, २१,३००. माझ्या वहीत वर्षानुवर्षं एकच ओळ: हप्ता, खर्च. इथे तो फोडावा लागतो. बाकी कर्ज १८,४०,०००, व्याज पावणेनऊ टक्के, म्हणजे या महिन्याचं व्याज १३,४१७. तेवढाच खर्च. उरलेले ७,८८३ देण्यातून वजा होतात, ते आपल्याच घराच्या विटांत जातात. तेच पीपीएफचं. परवा, ३ तारखेला भरले, कारण महिन्याच्या ५ तारखेनंतर भरलेल्या पैशांवर त्या महिन्याचं व्याज मिळत नाही. जुन्या वहीत तेही खर्चात. म्हणजे मी इतकी वर्षं ‘सगळा पगार संपतो’ म्हणून रडत होते त्यातला बराचसा भाग संपत नव्हताच, नुसता जागा बदलत होता.

हे नवऱ्याला सांगितल्यावर तो खूश होऊन नवीन एसी बघायला लागला. सांगायला नको होतं.

८ एप्रिल, मंगळवार

सिलिंडर पन्नास रुपयांनी महागला. वर्षाला आठ लागतात. नोंद.

१० एप्रिल, गुरुवार

काल रिझर्व्ह बँकेने रेपो दर सहा टक्क्यांवर आणला. फेब्रुवारीनंतर दुसऱ्यांदा पाव टक्का. आमचं कर्ज रेपोला बांधलेलं आहे. हप्ता तोच ठेवला तर महिने कमी होतील. ते होईल तेव्हा बघू.

मालमत्तेच्या यादीकडे बघत बसले होते. बँक, पीपीएफ, घर, आणि ‘येणे: ४०,०००’. दर वेळी फाइल उघडली की ही ओळ दिसते आणि दर वेळी मला भाऊजींचं दुकान दिसतं. दोन मोबाइल कव्हरं टांगलेली, एक टेबलफॅन. भाऊजी वाईट नाहीत. सणाला येतात, आईंच्या पाया पडतात, गप्पा मारतात, पैशाचं नाव येऊ नये म्हणून इतकं बोलतात की दमतात. आम्ही मागत नाही. मागायचं नाही असं ठरलेलंही नाही, पण मागत नाही.

वहीत ही ओळ नव्हती तोवर त्रास नव्हता. तेव्हा ते पैसे दिलेलेही होते आणि न दिलेलेही. सॉफ्टवेअरला असलं चालत नाही. येणं असेल तर मालमत्ता, नसेल तर खर्च. बाबांना (नाव न घेता) विचारलं की अडतीवर असं झालं तर काय करत होता. म्हणाले, “शेटजी तीन वर्षं थांबायचे. मग बुडीत खाती टाकायचे. बुडीत टाकलं म्हणजे सोडलं असं नाही. आपण फसवून घेत नाही एवढंच.”

तीन वर्षं झालेली नाहीत. तरी रात्री ‘बुडीत’ हे खर्चाचं खातं उघडलं आणि ४०,००० तिकडे वळवले. नवऱ्याला सांगितलं नाही. लिहिताना बरं वाटलं नाही, पण यादी मला आता बघवते.

१२ एप्रिल, हनुमान जयंती

आज मोबाइलवरून कुणाचेच पैसे जाईनात. मंडईत अर्धा तास सगळे फोन हवेत धरून उभे, मारुतीलाच नवस बोलल्यासारखे. माझ्याकडे रोख ऐंशी रुपये. भाजी तशीच बाजूला ठेवून घरी आले, तर आईंनी डबी उघडली आणि पाचशेची नोट दिली. दहा-दहाच्या घडीत गुंडाळलेली होती.

परत आल्यावर देण्यांत ‘आई: ५००’ असं घातलं. संध्याकाळी एटीएममधून आणून द्यायला गेले तर घेईनात. “माझं नाव त्या यंत्रात घातलंस का?” घातलं म्हटलं. “मग राहू दे तिथंच.” आता कायमचं ५०० देणं. दर महिन्याला दिसणार.

त्याच बोलण्यात त्या सहज म्हणाल्या, “धाकट्याचं दुकान आताशा बरं चाललंय म्हणे.” मी भांडी लावत होते. काही बोलले नाही.

२० एप्रिल, रविवार

भाऊजी आले. डझनभर हापूस आणि पाकिटात ५,०००. “दादा, बाकीचे हळूहळू.” नवऱ्याने पाकीट न मोजता माझ्याकडे दिलं. चहा, गप्पा, आईंच्या पाया पडणं. आज गप्पा नेहमीपेक्षा कमी होत्या, मधेमधे भाऊजी गप्पही बसले.

ते गेल्यावर नवरा लॅपटॉपपाशी आला. “येण्यात ३५,००० कर.” खातं उघडलं. शून्य.

“कधी?”

“दहा तारखेला.”

तो बराच वेळ ओळ वाचत राहिला. भांडण होईल असं वाटलं, झालं नाही. मग म्हणाला, “पुसता येतं हे?”

येतं. एक बटण दाबलं की नोंद खात्यातून जाते. पण बाबांच्या वहीत खोडाखोड नसायची. चूक झाली तर आजच्या तारखेला उलट नोंद. तसंच करू म्हटलं. ‘बुडीत’ उघडलं. खर्चाच्या खात्यात ग्नूकॅश दोन रकाने देतं, एकाचं नाव ‘एक्स्पेन्स’, दुसऱ्याचं ‘रिबेट’. आज मिळालेले ५,००० रिबेटमध्ये, दुसरी बाजू रोख. मग ३५,०००, तेही रिबेटमध्येच, दुसरी बाजू येणे. बुडीत खात्याची शिल्लक शून्य झाली. ते खातं काढून टाकू का विचारलं, तर नको म्हणाला.

वर्णनाचा रकाना रिकामा होता. त्याने कीबोर्ड स्वतःकडे ओढला, एका बोटाने अक्षरं शोधत ‘धाकट्याचे’ एवढंच लिहिलं, आणि आंबे पेंढ्यात नीट लावले आहेत का ते बघायला आत गेला.