सव्वा महिन्याची खोली

सणसवाडीत नगर रस्त्याच्या मागं कंपनी-कामगारांच्या भाड्याच्या खोल्या आहेत. भरदुपारी एखादं दार लोटलेलं, खिडकीला जुनी साडी बांधलेली आणि ओव्याच्या धुरीचा वास आला, की आत बाळंतीण आहे हे कुणी सांगावं लागत नाही. सव्वा महिना तिनं उंबरा ओलांडायचा नाही. या रिवाजाला मी नावं ठेवत नाही. बाईला हक्काची विश्रांती देणारं आपल्याकडं दुसरं आहे तरी काय?

पण एखाद्या बाळाला जन्मतःच मोतीबिंदू असतो, आणि त्याचे मोलाचे दिवस नेमके हेच. एका डोळ्यात दाट मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया साधारण 6 आठवड्यांच्या आसपास व्हावी लागते. दोन्ही डोळ्यांत असेल तर थोडी अधिक सवड मिळते. बाहुलीत पांढरट दिसतंय हे आजीला आधी कळतं. ‘मोठं झालं की जाईल,’ असं म्हणून ती काजळ घालते.

ते जात नाही. ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लाची एक पापणी शिवून ठेवली होती. पुढं ती सोडली तेव्हा डोळा धडधाकट होता, पण मेंदूनं त्याची जागा दुसऱ्या डोळ्याला देऊन टाकली होती. अशा कामासाठी 1981 साली त्यांना नोबेल मिळालं. बाळाचंही तसंच होतं. म्हाताऱ्याचा मोतीबिंदू वर्षभर थांबला तरी चालतं. त्याचा मेंदू बघायला कधीच शिकलेला असतो.

त्या बंद खोलीत आशाताईला मात्र मज्जाव नसतो. 42 दिवसांत ती वजनकाटा घेऊन पुनःपुन्हा येते. तिची नजर बाहुलीकडं गेली, तर हडपसरजवळ महंमदवाडीचं देसाई नेत्र रुग्णालय काही परमुलखात नाही.

तिथं पूर्ण भूल देऊन गढूळ भिंग काढतात. डोळा अजून वाढायचा असतो, म्हणून इतक्या लहानपणी कृत्रिम भिंग बहुधा बसवत नाहीत. जाड चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स देतात. खरी झटापट पुढं घरात. एकाच डोळ्याचं दुखणं असेल तर चांगला डोळा रोज काही तास पट्टीनं झाकायचा. पोर रडतं, पट्टी ओरबाडतं आणि शेजारीण आईलाच निर्दय म्हणते. हे वर्षानुवर्षं चालतं. तोवर बापाचा ठेकेदार बदलतो, खोली बदलते. फाईल सांभाळून डोळ्याचा दाब तपासायला जाणं काही सुटत नाही, आणि त्या दिवशीचा खाडा पगारातून कापला जातो.