दोघांची एक मोटारसायकल

मोटारसायकल हे तरुण मुलांचे वेड, आणि संसार सुरू झाला की ते आपोआप उतरते, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. लग्नानंतर स्कूटर, मूल झाले की त्याला पुढे उभे करायचे, दुसरे झाले की मोटारगाडीसाठी पैसे साठवायचे, हा आपला ठरलेला क्रम. आम्ही उभयतांनी तो उलटा केला. आमच्याकडे मोटारगाडी आधी होती. मुलगी शिकून नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली, घर रिकामे झाले, आणि पन्नाशी ओलांडल्यावर आम्ही मोटारसायकल घेतली. ठाण्याच्या नातेवाइकांनी फोनवर जे ऐकवायचे ते ऐकवलेच. "या वयात?" हा त्यातला सर्वांत सौम्य उद्गार! त्या सर्वांना एकदाच उत्तर द्यावे, आणि आणखी कोणा जोडप्याच्या मनात असा विचार घोळत असेल तर त्याच्या उपयोगी पडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही राहतो ते इंगोलश्टाट हे बव्हेरियातील डॅन्यूबकाठचे शहर. म्यूनिकच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर. ऑडी मोटारींचा मोठा कारखाना येथे असल्यामुळे हे मोटारींचे गाव म्हणून जगाला ठाऊक आहे; पण युद्धानंतर या गावाचे नशीब उघडण्यात मोटारसायकलीचाही वाटा होता, हे थोड्यांना माहीत असते. ऑटो युनियन ही मूळची सॅक्सनीतील कंपनी. ऑडी, डीकेडब्ल्यू, हॉर्ख आणि वाँडरर या चार कंपन्या १९३२ साली एकत्र आल्या. ऑडीच्या चिन्हातली चार कडी म्हणजे त्याच चौघी. युद्धानंतर पूर्वेकडचे कारखाने रशियनांच्या ताब्यात गेले. पश्चिमेकडे आलेल्या मंडळींनी १९४५ च्या अखेरीस इंगोलश्टाटला सुट्या भागांचे कोठार काढले आणि १९४९ साली नवी कंपनी उभी केली. तिने प्रथम बनवलेल्या गाड्यांत एक मालवाहू मोटार होती आणि दुसरी होती आरटी १२५ ही छोटी मोटारसायकल. या आरटीचा नमुना युद्धानंतर जगभर उचलला गेला. इंग्लंडची बीएसए बँटम, अमेरिकेतील हार्लेची १२५ सीसी, रशियाची मॉस्क्वा या सर्व तिच्याच लेकी. यामाहाची १९५५ सालची पहिली मोटारसायकलही तिच्याच वळणावर गेलेली. इंगोलश्टाटला मोटारसायकली बनणे १९५८ साली थांबले.

आपल्याकडच्या वाचकांना यातला आणखी एक धागा आवडेल. जावा हे नाव कोठून आले? झेकोस्लोव्हाकियातील यानेचेक या कारखानदाराने १९२९ साली वाँडररचा मोटारसायकल विभाग विकत घेतला; यानेचेकमधला 'या' आणि वाँडररमधला 'वा' मिळून झाली यावा, म्हणजे आपली जावा. १९६१ पासून ती म्हैसूरला बनू लागली आणि पुढे येझदी झाली. आम्हांतल्या पुढे बसणाऱ्याने गाडी चालवणे शिकले ते अलिबागला मामांच्या येझदीवर. कार्ले खिंडीत तिचा आवाज घुमायचा. त्या येझदीच्या घराण्यामागे चार कड्यांपैकी एक कडी असेल, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते!

आम्ही घेतलेली गाडी मात्र इंगोलश्टाटची नव्हे. ती आहे बीएमडब्ल्यूची आर १२०० आरटी, जुनी, एका निवृत्त गृहस्थांकडून घेतलेली. येथे आरटी म्हणजे लांबच्या प्रवासाची गाडी. वजन पेट्रोलसह २७४ किलो, टाकी २५ लिटरची, इंजिनाचे दोन सिलिंडर दोन्ही बाजूंना कोपर काढल्यासारखे बाहेर आलेले. साखळी नाही, मागचे चाक दांड्याने फिरते, त्यामुळे तेल घालत बसायला नको. दोन बाजूंना दोन पेट्या, पुढे उंच काच, मागच्याला धरायला दोन मुठी. थोडक्यात, दोन माणसांचा छोटासा संसार तिच्यावर मावतो.

गाडी घेण्यापूर्वी आमच्या घरी एक प्रश्न निघाला. ठाण्याहून आईंनी विचारले, "जर्मनीचीच गाडी घ्यावी लागते का रे?" त्यांच्या पिढीतला हा प्रश्न उगाच आलेला नाही, आणि त्याला हसून उडवणे आम्हांला जमले नाही. युद्धकाळात बीएमडब्ल्यूच्या म्यूनिकजवळच्या आलाख येथील कारखान्यात विमानांची इंजिने बनत. तेथे डाखाऊच्या छळछावणीतील कैदी राबवले जात. ऑटो युनियनचेही तेच. तिच्यासाठी सात छावण्या उभारल्या होत्या आणि त्यांत ३,७०० हून अधिक कैदी राबले. शिवाय सॅक्सनीतील कारखान्यांत सक्तीचे कामगार १६,५०० होते. हे आकडे ऑडीनेच करून घेतलेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहेत. बीएमडब्ल्यूनेही २०१६ साली आपल्या शताब्दीला जाहीर खेद व्यक्त केला.

आम्ही दोघांनी यावर पुष्कळ दिवस बोलणे केले. या गावात भाकरी मिळते ती मोटारींवर. पगार घ्यायचा आणि गाडीला मात्र हात लावायचा नाही, हा खोटेपणा झाला असता. आणि सर्व माहीत असूनही जणू माहीत नाही अशा थाटात गाडी उडवणे हेही बरे वाटेना. शेवटी गाडी घेतली, आणि पहिल्याच महिन्यात आम्ही डाखाऊला जाऊन आलो. येथून ते तासाभराच्या वाटेवर आहे. १९३३ च्या मार्चात सुरू झालेली ही छावणी २९ एप्रिल १९४५ रोजी मुक्त झाली. १९६५ पासून तेथे स्मारक आहे. गाडी बाहेर लावली, हेल्मेटे काढली, दोन तास आत फिरलो. परतताना काही बोललो नाही. आईंना मात्र फोन करून सर्व सांगितले. त्या म्हणाल्या, "जाऊन आलात, बरे केलेत. आता सांभाळून चालवा." तेवढे आम्हांला पुरले.

आता चालवण्याविषयी. भारतातला परवाना येथे वस्ती केल्यावर सहाच महिने चालतो. पुढे बसणाऱ्याला या वयात पुन्हा शाळेत जावे लागले. डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराचा वर्ग, लेखी परीक्षा आणि मग रस्त्यावरची. आमच्या वेळी गावाबाहेरच्या रस्त्यावर पाच, महामार्गावर चार आणि अंधारात तीन असे बारा धडे सक्तीचे होते. परीक्षक मोटारीत बसून मागून येतो आणि कानातल्या यंत्रातून सूचना देतो. लेखी परीक्षा इंग्रजीत, अरबीत, तुर्कीत देता येते. मराठीची सोय अर्थातच नाही! मागे बसणारीला परवाना लागत नाही, पण सर्व पाठ तिनेही वाचले, आणि लेखी प्रश्नांत तिचेच गुण घरी जास्त पडत.

मागे बसणे म्हणजे नुसते बसणे, हा गैरसमज प्रथम टाकावा. चढताना डाव्या बाजूने, खांद्यावर हात ठेवून, पुढच्याने 'हं' म्हटल्यावरच. वळणावर पुढचा जिकडे झुकेल तिकडे त्याच्याबरोबर झुकायचे. भीतीने उलट बाजूला अंग टाकले की गाडी सरळ जाऊ पाहते. त्याला उपाय सोपा आहे : उजवे वळण आले की त्याच्या उजव्या खांद्यावरून पुढे पाहावे, डावे आले की डाव्या. नजर गेली की अंग जाते. ब्रेक लागताना पुढच्याच्या पाठीवर आदळू नये म्हणून मांड्यांनी धरून बसावे. पुढच्याचे कर्तव्य असे की मागचे माणूस आहे हे एक क्षणही विसरू नये. दोघे असताना थांबायला जास्त अंतर लागते, हवा जास्त लागते (आमच्या गाडीला पुढे २.५, मागे २.९), आणि मागची स्प्रिंगही कडक करावी लागते. आमच्या गाडीत तेवढ्यासाठी एक कळ आहे. ती दाबली की पडद्यावर एका हेल्मेटाऐवजी दोन हेल्मेटांचे चित्र उमटते. आम्हांला ते चित्र फार आवडते.

हेल्मेट येथे १९७६ पासून सक्तीचे आहे. अंगातले जाड जाकीट, हातमोजे, घोट्यावर येणारे बूट यांची कायद्याने सक्ती नाही. पण त्यांवाचून आम्ही कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंतही जात नाही. ठाण्याला चपला घालून स्कूटरवर फिरलेल्या माणसांना हे प्रथम थट्टेचे वाटते, पुढे त्याची सवय होते.

फिरायला जागा मात्र अशा की काय सांगावे! उत्तरेला अर्ध्या तासावर आल्टम्यूल नदीचे खोरे. रस्ता नदीच्या कडेकडेने, एका बाजूला पांढरे कडे, दुसरीकडे कुरणे. आइश्टेट गाठून पुढे झोल्नहोफेनला जावे. तेथील चुनखडीच्या थरांत १८६१ साली आद्यपक्ष्याचे पीस सापडले, आणि तोच दगड शिळाछापासाठी जगभर गेला. आपल्याकडे जुन्या काळी पुष्कळ मराठी पुस्तके शिळाछापावर निघत. ती कला ज्या दगडावर जन्मली त्याच्या खाणीशेजारी थर्मासातला चहा पिताना मौज वाटते. दक्षिणेला हालेरटाऊ हा हॉप्सच्या वेलींचा मुलूख. बिअरला कडवटपणा देणारे हे वेल सात सात मीटर उंच तारांवर चढवलेले असतात. आपले पानमळे आठवतात. ऑगस्टअखेर तोडणी सुरू झाली की ट्रॅक्टरांनी रस्त्यावर चिखल आणि पाला सांडलेला असतो. तेथे वेग निम्मा करावा. संध्याकाळी रानाच्या कडेला हरणे आडवी येतात, म्हणून दिवस मावळण्याआत आम्ही घरी. समोरून येणारा प्रत्येक मोटारसायकलवाला डावा हात थोडा खाली सोडून नमस्कार करतो. तो कोण, कुठला, गोरा की काळा, हे हेल्मेटात दिसत नाही. या देशात परके म्हणून पुष्कळ वर्षे काढलेल्या आम्हांला तो हात फार मोलाचा वाटतो.

आमच्यात एक नियम आहे : मागची 'पुरे' म्हणाली की पुरे, कारण विचारायचे नाही. नियम करणे सोपे. त्याची किंमत कळली ती ग्रोसग्लोकनरच्या पायथ्याशी. ऑस्ट्रियातील हा घाटरस्ता १९३५ साली खुला झाला. लांबी ४८ किलोमीटर, वळणे ३६, आणि खिंड २,५०४ मीटरवर. महिनाभर आधी बेत ठरला होता. येथून अडीचशे किलोमीटर चालवून फेरलाइटनच्या टोलनाक्याशी पोहोचलो तेव्हा ढग खाली उतरले होते आणि पाऊस गार होता. माणसे जात होती, आमच्याहून लहान गाड्यांवरही. मागून शब्द आला, "पुरे." पुढच्याने गाडी वळवली. परतीचे दोन तास कोणी बोलले नाही. घरी आल्यावर पुढचा म्हणाला, "मला राग आला होता, पण मी विचारले असते तर पुढच्या वेळी तू बोलली नसतीस." पुढल्या वर्षी सप्टेंबरात स्वच्छ उन्हात आम्ही तो घाट चढलो. वर फार गार वारे होते. तेथे भेटलेल्यांना वाटले असेल, ही दोन माणसे घाट पाहायला आली आहेत. आमच्या लेखी तो घाट मागच्या वर्षीच चढून झाला होता.

धोका नाही असे आम्ही कोणाला सांगणार नाही. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याची गाडी एका मोटारीने वळणावर उडवली. चूक मोटारवाल्याची, पण पाय मोडला तो मागे बसलेल्या बाईंचा. त्यांनी गाडी विकली, आणि त्यांना आम्ही घाबरट म्हणत नाही. त्या वर्षापासून आम्ही एक गोष्ट पाळतो. येथे ठरावीक महिन्यांपुरती नंबरपट्टी मिळते. आमची एप्रिल ते ऑक्टोबर. हिवाळ्यात गाडी झाकून, बॅटरी चार्जरला लावून तळघरात उभी असते. मार्च संपताना, आच्छादन काढण्यापूर्वी, आम्ही एकमेकांना विचारतो : "यंदा?" दोघांनीही 'हो' म्हटले तरच ते निघते. एकाचे 'नाही' आले की गाडी विकायची, वाद घालायचा नाही, आणि पुढे कधी टोमणाही मारायचा नाही. त्या दिवशी गुडघे, डोळे, रक्तदाब, सर्व खरे सांगावे लागते. लग्नाला तीस वर्षे झाल्यावर नवराबायको एकमेकांना असे प्रश्न क्वचितच विचारतात. आम्हांला गाडीने ते शिकवले.

यंदा दोघांचेही 'हो' आले. पुढल्या वर्षीचे पुढल्या वर्षी पाहू. ज्यांच्या मनात अशी गाडी घेण्याचे आहे त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते : गाडी निवडायला दोघांनी जावे, आणि विकत घेण्यापूर्वी मागच्या जागेवर तासभर फिरून यावे. दुकानदार पुढच्या जागेचे गुण गातो. मागे बसून पाठ दुखत नसेल, पाय नीट टेकत असतील आणि उतरताना चेहरा हसरा असेल, तरच पैसे द्यावेत.