दोन डोंगर आणि एक तांब्या

आपल्याकडे मुलाच्या हातात कागद दिला की ते दोन डोंगर काढतं. मध्ये उगवता सूर्य, खाली नदी, काठाला झोपडी आणि आभाळात चारच्या आकड्यासारखे पक्षी! दादरच्या चाळीत वाढलेल्या मुलालाही झोपडीच हवी. आणि सूर्य मधूनच उगवणार. बाजूने यायची त्याला परवानगी नाही.

आमची नातही याच पंथातली. पण इंटरमिजिएटसाठी ती चित्रकलेच्या सरांकडे जायला लागली आणि घराची शांतता संपली. सरांनी टेबलावर तांब्या आणि कांदा ठेवून बजावलं, "माहीत आहे ते नको, दिसतंय ते काढ!" तांब्याचं तोंड गोल, हे आम्ही जन्मभर धरून चाललेलो. समोर बसून पाहिलं तर ते चक्क लंबगोल दिसतं! पोरीनं तांब्या सात वेळा खोडला. खोडरबराचा चुरा आमटीपर्यंत पोचला. आठव्यांदा म्हणाली, "आजोबा, तांब्या काढायचाच नाही. तांब्या आणि कांद्यामधली मोकळी जागा काढायची. तांब्या आपोआप येतो."

दोन खोल्यांच्या आमच्या घरात मोकळी जागा सापडणारी ही पहिलीच व्यक्ती.

हार्वर्डच्या 'प्रोजेक्ट झिरो'मधल्या लोइस हेटलंड, एलन विनर वगैरे मंडळींनी चित्रकलेच्या वर्गांत बसून २००७ साली एक पुस्तक काढलं. बारकाईनं पाहणं, चिकाटी, समोर नसलेलं कल्पनेत आणणं, स्वतःचं काम पुन्हा तपासणं अशा आठ सवयी तिथे मुलांना लावतात म्हणे. मात्र चित्रकलेमुळे गणिताचे मार्क वाढतात याला भक्कम पुरावा नाही, हेही याच बायकांनी २००० साली सांगून ठेवलंय. हे मी चिरंजीवांना ऐकवायला नको होतं, असं सौभाग्यवतींचं मत.

कारण चिरंजीव लगेच म्हणाले, "दहावी आलीय. चित्रकला बंद!" पोरीचा चेहरा पडला. मी आठही सवयी मोजून दाखवल्या. ते पेपर वाचत राहिले. शेवटी सूनबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अहो, इंटरमिजिएटचे दहावीला जादा मार्क मिळतात."

पेपर खाली आला. "मग राहू दे क्लास."

तेवढ्या वेळात नातीनं कोपऱ्यात बसून आम्हा तिघांचं चित्र काढलं होतं. पाहिलं तर आम्ही कुणीच नव्हतो, नुसती मधली जागा. चिरंजीवांचं नाक तेवढं आपोआप आलं होतं.