मागे राहिलेला दोर

संक्रांतीला करजणच्या आमच्या गच्चीवर जी गडबड असते, ती यंदाही होती. एका हाती तिळगूळ, दुसऱ्या हाती फिरकी आणि चोहीकडे ‘काप्यो छे’चा घोष. पिढ्यान्‌पिढ्या गुजरातेत काढल्यावर पतंगाच्या बाबतीत तरी आम्ही पुरते गुजराती झालो आहोत. यंदा विशेष आनंद एवढाच की, इंग्लंडात स्थायिक झालेला आमचा धाकटा पुतण्या बऱ्याच वर्षांनी घरी आला होता.

हा पुतण्या नोकरी सांभाळून सुटीच्या दिवशी तेथील एका ग्लायडिंग क्लबात विमान चालवितो. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचे विमान. पुण्याजवळ हडपसरच्या केंद्रात जमिनीवरील विंचने दोर ओढून ते वर चढविताना आम्ही एकदा पाहिले होते. पुतण्याच्या क्लबात हे ओढण्याचे काम एक छोटे विमान करते. पन्नास-साठ मीटर लांबीच्या दोराने ग्लायडर मागे बांधून ते सुमारे २००० फुटांवर नेते. तेथे ग्लायडरवाला दोर सोडतो आणि घारीसारखा तरंगू लागतो. ओढणाऱ्याला मात्र लगेच परतावे लागते, कारण खाली पुढचा ग्लायडर खोळंबलेला असतो. गर्दीच्या दिवशी अशा वीस-वीस खेपा होतात.

“म्हणजे आपल्या मियागामच्या बैलांसारखेच की!” आम्ही म्हणालो. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८६२ साली, डभोई-मियागाम हा अरुंद लोहमार्ग झाला, तेव्हा आरंभी डबे बैल ओढीत असत. करजणच्या माणसाला ही गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही.

पुतण्या हसला, मग म्हणाला, “काका, जू काढले की बैल मोकळा होतो. आमचा दोर मात्र मागे लोंबतच असतो.”

समजावून सांगण्यासाठी त्याने पतंगाचा दोरा हाती घेऊन गच्चीच्या कठड्यावरून ओढीत नेला. हात कठडा ओलांडून गेला, तरी लोंबणारे टोक मागे विटेला अडकलेच. विमान उतरू लागले, वेग मंदावला, की दोर असाच खाली झुकतो. चाके कुंपणावरून सुखरूप गेली म्हणजे दोरही गेला असे नव्हे. म्हणून कुंपण बरेच उंचावरून ओलांडायचे आणि मैदानात पुष्कळ आत जाऊन टेकायचे. किंवा मोकळी जागा नीट पाहून दोर आधी टाकून द्यायचा, पुन्हा एक फेरी मारायची आणि मग उतरायचे. चढताना तापलेले इंजिन एकदम मंद करून खाली झेपावले, तर गार वाऱ्याने त्याच्या सिलिंडरांना तडे जाण्याची भीती. म्हणून शक्ती हळूहळूच कमी करायची. आणि हे सारे करीत असता नजर आकाशात हवी. एखादा ग्लायडर त्याच वेळी उतरत असला तर वाट त्याला द्यायची. त्याला दुसरी फेरी मारता येत नाही. ज्याच्याजवळ इंजिन आहे, त्यानेच थांबायचे.

“आणि तू हे सारे पाळतोस ना?” आम्ही सहज विचारले.

तो काही वेळ बोलला नाही. मग त्याने इकडे तिकडे पाहिले. वहिनी खाली उंधियूच्या खटपटीत होत्या. “एकदा चुकलो, काका. दिवसाची अठरावी खेप होती, खाली चार जण ताटकळत होते. थोडे खालून आलो. दोर कुंपणात अडकला, विमानाला हिसका बसला. दोरात मुद्दाम ठेवलेली कमजोर कडी तुटली, म्हणून वाचलो. कुंपणापलीकडे रस्ता आहे. तेथून एक बाई लहान मुलाला घेऊन नुकत्याच गेल्या होत्या. मला त्या दिसल्याही नव्हत्या. आईला हे सांगू नका.”

आम्ही काय बोलणार? त्याला रागे भरण्याचे त्याचे वय नव्हते आणि जे कळायचे ते त्याला कळलेच होते. त्या दिवशी त्याने आणखी खेप केली नाही. तेव्हापासून खाली कितीही जण ताटकळले, तरी तो आपली उंची सोडीत नाही. “लोक पाहतात ते वर गेलेल्या ग्लायडरकडे. आमचे उतरणे कोणी पाहत नाही; ते आमचे आम्हीच पाहायचे असते,” एवढेच तो म्हणाला.

काम झाले, ओझे उतरले, आता काय, घरीच तर जायचे, अशा वेळी आपला हात सैल पडतो. आमच्याही आयुष्यातल्या बऱ्याच चुका अशाच परतीच्या वाटेवरच्या आहेत.

सूर्य कलला. समोरच्या कडुलिंबावरून आमच्याच कापलेल्या पतंगाचा दोरा रस्त्यावर आडवा लोंबत होता. अशा दोऱ्याने उत्तरायणात स्कूटरवाल्यांचे गळे कापले जातात, हे ठाऊक असूनही इतकी वर्षे आम्ही फिरकी गुंडाळून सरळ जेवायला बसत आलो. यंदा पुतण्याने बांबू घेतला, आम्ही बॅटरी घेतली आणि दोघे खाली उतरलो. वहिनींनी पाने वाढल्याची हाक दोनदा दिली. पण शेवटचा दोरा निघेपर्यंत आम्ही वर गेलो नाही.