पाळण्यातले पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे. पण पाळण्याशी उभं राहून ते बघत कोण होतं? बहुधा आजी, तिच्या हाताशी अख्खी दुपार होती. डोंबिवलीत सात वाजायच्या आत फलाट भरतो. आईबाबा निघतात तेव्हा पोर झोपलेलं, परततात तेव्हा पेंगुळलेलं. पांघरुणाबाहेर आलेले पाय तेवढे रोज नजरेला पडतात. त्या पायांवरूनच कुणी डॉक्टर ठरवतं, कुणी सीए.

मधला सगळा दिवस पाळणाघराचा.

असंच परक्या हाती सोपवलेलं पोर चिनी दिग्दर्शक चँग युआन यांच्या ‘लिटल रेड फ्लॉवर्स’ (2006) या चित्रपटात भेटतं. आपल्याकडे तो फारसा कुणी पाहिलेला नाही. बीजिंगमधल्या निवासी बालवाडीत चार वर्षांच्या फांग च्यांगच्यांगला आणून सोडतात. कपडे आपले आपण घालायचे, सकाळी सगळ्यांनी ओळीनं शीला बसायचं. जमलं की तक्त्यावर नावापुढे कागदाचं लाल फूल. त्याला काही केल्या जमत नाही. आधी तो फुलासाठी झुरतो, मग बिथरतो, आणि ली बाई मुलं खाणारी राक्षसीण आहे अशी भुमका उठवतो. पोरं रात्री बाईंना बांधायला निघतात!

सगळा दोष त्या तक्त्यावर टाकता आला असता. पण अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’त तक्ता नाहीच. 2014 साली बर्लिनमध्ये क्रिस्टल बेअर मिळवणारा हा चित्रपट. वडील गेलेले, आईची पुण्याहून कोकणात बदली झालेली. आई मायाळू आहे, रोज घरी आहे. तरी तिच्या डोक्यात कचेरीतल्या फायली आणि अकरा वर्षांच्या चिन्मयच्या मनात नवं गाव. एका छपराखाली राहून दोघं एकमेकांना चुकतात. म्हणजे नुसत्या लोकलला बोल लावूनही भागत नाही.

आपल्याकडच्या बालवाडीत बाई हातावर पेनानं स्टार काढतात. तो पुसू नये म्हणून पोरं जेवतानाही मनगट सांभाळतात. एरवी हात धुवायला एका पायावर तयार असणारी त्या दिवशी नळाजवळ जात नाहीत. संध्याकाळपर्यंत घामानं त्याचा निळा डाग होतो. स्टार बंद करा म्हणणं सोपं आहे. पण च्यांगच्यांगला ते फूल मनापासून हवं होतं. ते त्याचं स्वतःचं हवंपण होतं की कुणीतरी आपल्याकडे बघावं म्हणून शिकलेलं? आणि चार वर्षांच्या पोरात या दोन गोष्टी वेगळ्या काढता तरी येतात का?